खुर्च्या सोडणारे प्राध्यापक

१९१२ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायला जे प्राध्यापक रुजू झाले, त्यांच्या गाठीला एकही पदवी नव्हती. मॅट्रिकचा दाखलाही नव्हता. पण त्याआधी ते कलकत्ता विद्यापीठात शिकवून आले होते, दोन वर्षं हार्वर्डला राहून आले होते आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी बसून मूळ ग्रंथ वाचून आले होते. धर्मानंद कोसंबी हे नाव आज आपण ‘बौद्ध पंडित’ म्हणून घेतो. विद्वत्ता निर्विवाद होतीच. पण त्यांचा जीवनक्रम वर्षावार लावला की दिसतो तो एक शिक्षक आणि स्वयंसेवक. एखादी खुर्ची जरा ऊबदार झाली की ती सोडून उठायची त्यांना जणू सवयच होती.

जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातल्या सांखवाळ गावी. शाळा जेमतेम झाली, मग वडिलांच्या माडांच्या बागेची देखभाल. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख वाचनात आला आणि त्या लेखाने या तरुणाला अक्षरशः घराबाहेर काढलं. १८९९च्या अखेरीस ते निघाले. आधी पुणे आणि डॉ. भांडारकर, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रातल्या जेवणावर राहून त्यांनी संस्कृत पदरात पाडून घेतलं. बुद्ध सापडेल म्हणून नेपाळला गेले, तर तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था पाहून मन विटलं. बुद्धगयेला कुणीतरी सांगितलं, खरं शिकायचं तर सिंहलद्वीपाला जा. १९०२मध्ये ते तिथे पोचले आणि पुढे भिक्षू झाले. ब्रह्मदेशही पाहिला. ही भटकंती त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात इतक्या कोरडेपणाने सांगितली आहे की वाचताना आपणच कासावीस होतो, लेखक मात्र पुढच्या गावाला निघालेला असतो.

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ते घराबाहेर पडले तेव्हा पदरात तान्ही मुलगी होती. पत्नी बाळाबाईंनी ती वर्षं माहेर-सासरच्या आधाराने काढली. बुद्धाच्या शोधात निघालेल्या माणसाची कथा यशोधरेवाचून पूर्ण होत नाही, हे कोसंबींना ग्रंथांतून कळलं असेलच. घरी मात्र त्याची किंमत बाळाबाईंनी मोजली. १९०६मध्ये चीवर उतरवून ते परतले, पुन्हा संसारी झाले. पुढच्या वर्षी दामोदर जन्मला, तोच नंतरचा गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी.

कलकत्त्यात बस्तान बसत होतं. विद्यापीठाला पाली शिकवणारा माणूस हवाच होता. अशात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपयांची वृत्ती देऊ केली. अट एवढीच, की महाराष्ट्रात कुठेही राहा आणि वर्षाला एक पुस्तक लिहा. पैशांचा हिशेब मांडला तर हा सौदा तोट्याचा होता. कोसंबींनी तो पत्करला, कारण जे शिकलो ते आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत द्यायचं, ही ओढ पगारापेक्षा मोठी होती. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटेखानी पुस्तक १९१०चं, बडोद्यातल्या व्याख्यानांतून तयार झालेलं. त्याच वर्षी हार्वर्डचे प्राध्यापक वूड्स यांच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेला गेले.

फर्ग्युसनमधली सहा वर्षं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. आज पाली ग्रंथ नागरी लिपीत सहज मिळतात, तेव्हा तसं नव्हतं. त्रिपिटक वाचायचं तर सिंहली, ब्रह्मी किंवा सयामी लिपी यायला हवी, नाहीतर लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या रोमन लिपीतल्या प्रती. म्हणजे बुद्धाची वचनं बुद्धाच्याच देशातल्या विद्यार्थ्याला परक्या लिपीतून गिरवावी लागत. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळावी म्हणून कोसंबींनी खटपट केली, भांडारकरांचा पाठिंबा मिळवला, आणि मग स्वतः वर्गात उभे राहिले. त्या वर्गातून पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत अशी माणसं निघाली. राजवाड्यांनी दीघनिकाय मराठीत आणला, भागवतांनी पाली ग्रंथांच्या नागरी आवृत्त्या सिद्ध केल्या. प्राध्यापकाच्या कामाचं मोजमाप करायचं तर ते इथे करावं. १९१८ला कोसंबी कॉलेज सोडून पुन्हा हार्वर्डला गेले, तरी महाराष्ट्रातला पालीचा अभ्यास थांबला नाही.

या खेपेला माणिक आणि दामोदर ही मुलं बरोबर होती. काम होतं बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने संपादन अर्धवट टाकून १८९९मध्ये जगाचा निरोप घेतला होता. पाठ ताडून पाहणं, चुका निस्तरणं, ओळ न् ओळ तपासणं हे किचकट काम कोसंबींकडे आलं. श्रेयावरून तिथले ज्येष्ठ प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचं बिनसलं, आणि तो ग्रंथ हार्वर्डकडून छापून यायला १९५० उजाडलं. मधल्या काळात कोसंबींनी आपली नागरी आवृत्ती १९४०मध्ये भारतीय विद्या भवनातर्फे काढून टाकली. अमेरिकेत त्यांनी आणखी एक अभ्यास केला, तो समाजवादाचा आणि मजुरांच्या चळवळींचा.

परतल्यावर गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात काम. मग १९२९मध्ये लेनिनग्राड. आणि १९३०मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हे हार्वर्डचे संशोधक शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले. मुंबईत स्वयंसेवक गोळा केले, तुरुंगात गेले. सुटल्यावर पुन्हा हार्वर्डला! हा उलटसुलट प्रवास बघून गंमत वाटते. त्यांना मात्र त्यात काही विसंगत वाटत नसावं.

१९३७मध्ये परळला बहुजन विहार उभा राहिला. पैसा बिर्लांचा, कल्पना आणि राबणं कोसंबींचं. जागा मुद्दाम गिरणगावातली निवडली. अस्पृश्य गणलेल्या कामगारांच्या वस्तीत बुद्धाचा विचार न्यायचा तर व्याख्यान देऊन दादरला परतून चालणार नाही, तिथेच राहायला हवं, असा त्यामागचा सरळ हिशेब. पुढे तेही सोडून ते काशी-सारनाथकडे गेले.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १९४०च्या सुमाराचा. त्यात त्यांनी म्हटलं, की म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला ही कथा मागाहूनची. शाक्य आणि कोलिय यांच्यातलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण आणि त्यातली शस्त्रं, हे त्यामागचं कारण अधिक पटण्याजोगं आहे. हीच मांडणी पुढे डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथात ठळकपणे आली. बुद्धाच्या आणि जैन श्रमणांच्या काळातल्या मांसाहाराबद्दलही कोसंबींनी पुराव्यांनिशी लिहिलं आणि जैन समाजात वादंग उठलं. ते मागे हटले नाहीत. पण जैन तीर्थंकर पार्श्वनाथाच्या चातुर्याम, म्हणजे चार व्रतांच्या, धर्माविषयी त्यांना मनापासून आदर होता, इतका की शरीर थकल्यावर त्यांनी मरणाचा मार्गही जैनांचाच निवडला. १९४६मध्ये दोहरीघाटला सुरू केलेलं अनशन गांधीजींच्या सांगण्यावरून थांबवलं. पण पुढे सेवाग्रामला ते पुन्हा सुरू केलं आणि ४ जून १९४७ला प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजी त्यांच्याविषयी बोलले. आपल्याविषयी गाजावाजा न करता झिजणारा माणूस, असा त्या बोलण्याचा रोख होता.

नऊ वर्षांनी, १९५६मध्ये, बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवरचा भारत सरकारचा ग्रंथ निघाला. त्याचे संपादक होते फर्ग्युसनच्या त्या वर्गातले पु. वि. बापट. त्याच साली ऑक्टोबरमध्ये नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांच्यातल्या ज्यांना बुद्ध मराठीतून वाचायचा होता, त्यांच्यासाठी बडोद्याच्या ५० रुपयांवर लिहायला घेतलेली पुस्तकं आधीपासून तयार होती.