समुद्र पाहण्याआधी तिथी पाहावी

परभणी जिल्ह्यातील माणसाला समुद्र पाहावयाचा म्हणजे सारे पठार पार करून सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. इतक्या दुरून जाणारा प्रवासी वाटखर्च, मुक्काम, जेवणखाण यांचा विचार आधी करतो. परंतु ज्यासाठी जावयाचे त्या समुद्राचा स्वभाव मात्र क्वचितच विचारून घेतो. मालवणच्या किनाऱ्याचे उदाहरण घेऊन तोच येथे सांगावयाचा आहे.

पिंगळीसारख्या गावात पाणी म्हणजे विहीर, तळे, फार तर गोदावरीचा डोह. विहिरीची खोली एकदा कळली की ती संध्याकाळपर्यंत तीच राहते. समुद्राचे तसे नाही. तेथे एकाच जागी सकाळी वाळू असते आणि दुपारी पुरुषभर पाणी. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेबारा तास लागतात. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते.

यावरूनच किनाऱ्यावरील लोकांचा जुना हिशेब निघाला आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीस सहा वाजता. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. हा ठोकताळा मुंबईकडचा. दक्षिणेस मालवणकडे भरती थोडी आधी येते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते, पाण्याची चढउतार मोठी होते. अष्टमीच्या आसपास ती सर्वांत कमी, त्याला भांग म्हणतात. भिंतीवरची दिनदर्शिका ज्याला वाचता येते त्याला एवढा हिशेब अवघड नाही.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नव्हे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन मंडळींपैकी आठजण बुडाले. विहिरीत सूर मारणारा पोहणारा समुद्रात का फसतो, याचे कारण ध्यानात घ्यावे. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत जाण्यासाठी एखादी अरुंद वाट धरते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. तेथे उतरणारा आत ओढला जातो, घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारू लागतो आणि दमतो. अशा वेळी ओढीशी झुंजू नये. अंग तरते ठेवून किनाऱ्याला समांतर पोहावे, ओढ संपली की मग काठाकडे वळावे. ज्याला पोहता येत नाही त्याने गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नये, आणि उतरण्यापूर्वी तेथील कोळ्याला विचारावे. तो नको म्हणाला तर वाद घालू नये.

ऋतूचेही तसेच आहे. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत समुद्र खवळलेला असतो. त्या काळात किल्ल्याची होडी व पाण्यातील खेळ साधारणतः बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

आता पाहावयाचे काय? पहिला मान सिंधुदुर्गाचा. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी ह्या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. सुमारे ४८ एकरांच्या ह्या बेटाला चोहोकडून खाऱ्या पाण्याचा वेढा. तरी आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. पाण्याची किंमत जाणणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाने त्यांच्याजवळ क्षणभर थांबावे. किल्ला राहिला तो तटामुळे, तसाच ह्या पाण्यामुळे.

किल्ल्याच्या परिसरातील समुद्रतळाशी प्रवाळ आहे. येथील २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो सजीव आहे; त्यावर पाय देऊ नये, तुकडा मोडून आणू नये. पोहता न येणारासही प्रशिक्षित पाणबुड्याबरोबर, पाठीवर हवेची टाकी बांधून हे दृश्य पाहता येते. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून कान दुखू लागताच नाक चिमटून हलकेच हवा कानाकडे लोटावी आणि श्वास कधीही रोखून धरू नये. वर येताना कोंडलेली हवा फुगून फुप्फुसाला इजा करते. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्याने आधी वैद्याचा सल्ला घ्यावा.

ज्यांना हे धाडस नको, त्यांनी तारकर्लीहून कर्ली नदीत होडीने फिरावे. देवबागेस एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी आहे. परतताना कुडाळजवळ पिंगुळीस उतरावे. पिंगळीकराला हे नाव घरचेच वाटेल. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची कला जतन केली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

समुद्राला भिऊन घरी बसावे असे ह्यात काही नाही. शेतकरी नक्षत्र पाहून पेरतो, त्यात भीती नसते, जाण असते. तीच जाण ठेवून किनाऱ्यावर गेले, तर जितकी माणसे गाडीत बसून निघाली तितकीच परत येतील, आणि सहलीचे पहिले यश तेच होय.