रंग बाटलीत, गॅस बाहेर!

स्केल मॉडेलचा नाद लागलेल्या प्रत्येकाला हे दुःख माहीत असतं. किट मस्त जुळलं, सँडिंग झकास झालं आणि शेवटी स्प्रे कॅनचा एक फवारा जास्त बसला. बारीक पॅनल लाइन्स गायब! गणित साधं आहे. १/७२ स्केलच्या मिग-२१ वर रंगाचा थर ०.१ मिमी बसला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबाने तो ७ मिमीहून जाड झाला.

कॅनचा फवारा कमी-जास्त करता येत नाही, एअरब्रशचा येतो. पण हवी ती शेड कॅनमध्येच मिळत असेल तर? मग कॅनमधला रंग बाटलीत काढायचा. हॉबीवाले याला 'डिकँटिंग' म्हणतात. काम सोपं आहे, पण घाई केली तर अंगाशी येतं.

सोड्याची बाटली आठवा

कॅनमध्ये रंगासोबत दाबाखाली द्रव झालेला गॅसही असतो. बहुतेकदा तो डायमिथाइल इथर किंवा ब्यूटेन-प्रोपेन, म्हणजे घरच्या सिलिंडरचा भाऊबंदच. रंग बाटलीत आला तरी हा गॅस त्यात विरघळलेला राहतो, सोड्यासारखा. लगेच झाकण घट्ट लावलं, तर आत दाब वाढून रंग उसळतो, बाटली फुटूही शकते. असा रंग एअरब्रशच्या कपात ओतला, तर तो फसफसून बाहेर येतो.

करायचं कसं?

कॅन दोन मिनिटं नीट हलवा. नोझलवर स्ट्रॉचा तुकडा मास्किंग टेपने पक्का बसवा आणि त्याचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत आतल्या भिंतीला टेकवा. तोंडावर फॉइल सैलसर ठेवा, हवाबंद नको. आता थांबत-थांबत, छोटे-छोटे फवारे मारा. बाटली निम्मीच भरा, कारण रंग फेसाळून वर येतो.

बाटली गार पडली तर दचकू नका. गॅस उडून जाताना उष्णता ओढून घेतो. मात्र गार काचेवर दमट हवेतलं पाणी धरतं आणि ते रंगात गेलं, तर लॅकरवर पांढुरकी झाक येते. त्यामुळे मुंबई-कोकणच्या भर पावसात हा उद्योग नकोच.

मग झाकण नुसतं वर टेकवून बाटली रात्रभर ठेवा. सकाळी टूथपिकने हळू ढवळा. बुडबुडे आले तर गॅस अजून आहे, आणखी थांबा. बाटली हलवायची नाही, गरम तर मुळीच करायची नाही.

ठेवायचं कसं?

बुडबुडे थांबले की रंग छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. आत हवा जितकी कमी, तितका रंग उशिरा सुकतो. प्लास्टिकची डबी टाळा, लॅकरचं सॉल्व्हंट काही प्लास्टिक विरघळवतं. लेबलवर शेड, कंपनी, तारीख लिहा. बाटली थंड, अंधाऱ्या जागी, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

इथे हिरोगिरी नको

हा गॅस पेट घेतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. हॉस्टेलची बंद खोली ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. गच्ची किंवा मोकळी बाल्कनी गाठा. जवळ शेगडी, अगरबत्ती, सिगारेट काही नको. रात्रभर उघडी राहणारी बाटलीही तिथेच ठेवा, उशाशी नाही. कापडी मास्क वाफ अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो. हातात नायट्राइल ग्लोव्ह्ज घाला. कॅनला भोक पाडून रंग काढायचा 'जुगाड' कुणी सुचवला, तर त्याला तिथेच थांबवा.

एक रात्र थांबायची तयारी असेल, तर त्याच कॅनमधून तुम्हाला हवा तसा पातळ थर मारता येतो. पॅनल लाइन्सही वाचतात आणि तुम्हीही!