बसचा तोटा कोणाचा?

कालपरवापर्यंत अंधेरी स्थानकाबाहेर रांगेत उभे राहिले की लाल रंगाच्या दोन गाड्या पाठोपाठ येत. एकीचा चालक बेस्टचा नोकर, दुसरीचा कंत्राटदाराचा. प्रवाशाला बाक तोच आणि तिकीटही महापालिकेचेच. या दोन चालकांमध्ये जे अंतर पडले, ते पडत असताना आम्ही समाजवादी म्हणवणारे काय करीत होतो, ते सांगण्यासाठी आज उभा आहे.

प्रथम तोट्याचा हिशेब पाहू. 7 ऑगस्ट 1947 रोजी मुंबई महापालिकेने वीज आणि ट्राम-बस चालवणारी खाजगी कंपनी ताब्यात घेतली. 1950 मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंड शहराला जोडले गेले. शहराबरोबर लाल गाडीही उत्तरेकडे सरकली. मौज अशी की बेस्टची वीज मात्र माहीम-शीवच्या पुढे आलीच नाही. अंधेरी-बोरिवलीचे दिवे खाजगी कंपनीचे, मुलुंडचे राज्याच्या वीज मंडळाचे. म्हणजे कुलाब्याच्या विजेवर जो पैसा मिळे, तो बोरिवलीच्या गाडीला ओढत असे. 2003 च्या वीज कायद्यानंतर नियमनाची घडी बदलली, हा आधार हळूहळू आटला आणि बसखाते उघडे पडले.

तेव्हापासून ‘तोटा’ हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला. अग्निशामक दलाला कोणी तोटा म्हणत नाही, रस्त्यालाही म्हणत नाही. त्याला खर्च म्हणतात. बसलाच तोटा का म्हणायचे? तर तिची वही वेगळी ठेवली आहे म्हणून. ही वही महापालिकेच्या अर्थसंकल्पात मिसळा, ही जानेवारी 2019 मधील नऊ दिवसांच्या संपाची मुख्य मागणी होती. ती मला तेव्हाही रास्त वाटली, आजही वाटते.

पण त्या दिवसांत थांब्यावर एका धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी मला गाठले. “दादा, तुमची वही मिसळली म्हणजे माझी गाडी वेळेवर येईल का?” असे त्यांनी विचारले. उत्तर माझ्यापाशी नव्हते. आमच्या पंचवीस मागण्यांत वेळापत्रकाची एकही नव्हती! गोरेगावच्या मृणालताई गोरे 1961 मध्ये महापालिकेत निवडून गेल्या आणि पुढे ‘पाणीवाली बाई’ ठरल्या. त्यांच्या राजकारणाची सुरुवात कोरड्या नळापासून होती. आम्ही सुरुवात केली ती पगारपत्रकापासून, आणि सुधारणेचा शब्द दुसऱ्याच्या हाती दिला.

त्याने तो वापरला. जून 2019 मध्ये समझोता झाला. संघटनेने भाड्याच्या गाड्या मान्य केल्या आणि बदल्यात 3,337 स्वमालकीच्या गाड्या राखण्याचे लेखी वचन मिळाले. जुलैत किमान तिकीट 8 रुपयांवरून 5 वर आले. लोक खूश झाले, आणि का होऊ नयेत? कंत्राटाची रीत अशी की गाडी, चालक, देखभाल कंत्राटदाराची. मार्ग व तिकीट बेस्टचे. मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. गाडी रिकामी धावो की भरून, दर तोच. मग कंत्राटदार बचत करणार कुठे? चालकाच्या पगारात आणि देखभालीत. ऑगस्ट 2023 मध्ये हेच चालक समान वेतन मागत संपावर गेले, तेव्हा कुठे आम्हाला ते आपलेच भाऊबंद असल्याचे आठवले. काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून मधूनच निघून गेले, आणि चालक रस्त्यावर आले.

कंत्राट म्हटले की सगळेच वाईट, असे मी म्हणणार नाही. लंडनमध्ये 1985 पासून बसमार्ग कंत्राटाने देतात आणि मजूर पक्षाच्या सरकारांनीही ती पद्धत मोडली नाही. पण तिथे मार्ग एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे गेला, तर कामगाराची नोकरी व सेवाशर्ती त्याच्याबरोबर पुढे जाव्यात याला कायद्याचा आधार आहे. असे एक कलम आपल्या करारांत घाला, ही मागणी आम्ही 2019 सालीच करायला हवी होती.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. पुढे जवळजवळ चार वर्षे निवडलेले सभागृह नव्हते, प्रशासक होते. त्याच काळात, मे 2025 मध्ये, किमान तिकीट 5 चे 10 झाले, आणि स्वतःच्या गाड्या वचनातल्या आकड्यापासून कितीतरी खाली आल्या. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत आमच्या वस्तीत मते मागायला आलेल्या प्रत्येकाला मी विचारले, 3,337 हा आकडा कशाचा? एकाने विचारले, “बसचा नंबर आहे का?” बाकीचे नमस्कार करून पुढच्या दारी गेले.