डायल नव्हे, दांडा बघा

जुन्या लढाऊ विमानाच्या कॉकपिटचा फोटो हाती आला की नजर आधी डायलकडे धावते, आणि तिथेच फसगत होते. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश हवाई दलाने सहा उपकरणांची मांडणी ठरवून टाकली: वरच्या ओळीत वेग, कृत्रिम क्षितिज आणि चढ-उताराचा दर, खाली उंची, दिशा आणि वळण. हरिकेन असो, स्पिटफायर असो की अवाढव्य लँकेस्टर, समोर तोच चौकोन. त्यातून डायल काढायला सोपे. युद्धानंतर हौशी मंडळींनी ते आठवण म्हणून लांबवले आणि रिकाम्या भोकांत पुढे मिळेल ते बसवलं गेलं.

म्हणून आधी स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, बघावी. स्पिटफायरच्या स्टिकला वर गोल कडं असतं आणि त्यावर सायकलसारखा ब्रेकचा लिव्हर. कॉकपिट इतकं अरुंद, की अख्खा दांडा आडवा झुकवला तर मांडीत अडकेल. त्यामुळे दांड्याला मध्येच सांधा आहे. डावी-उजवीकडे फक्त वरचा भाग हलतो. पंचाईत अशी, की हरिकेनचीही स्टिक जवळपास अशीच. मग कडेला बघायचं. हरिकेनमध्ये धातूच्या नळ्यांचा सांगाडा उघडा दिसतो. स्पिटफायरला डावीकडे खाली पडणारा छोटा दरवाजा असतो आणि त्याला अनेकदा एक पहार अडकवलेली असते. छत अडकलं तर वैमानिकाने फोडून बाहेर पडावं, एवढ्यासाठी!

जर्मन मेसरश्मिट १०९ ओळखणं त्या मानाने सोपं. डाव्या हाताशी एकाला लागून एक अशी दोन चाकं, फ्लॅप आणि शेपटीच्या ट्रिमसाठी. नेम धरायची काच मधोमध नाही, किंचित उजवीकडे. नळ्यांवर रंगांच्या खुणा: इंधनाला पिवळा, तेलाला तपकिरी, ऑक्सिजनला निळा. नंतरच्या ‘जी’ प्रकारात इंधननळीचा एक तुकडा चक्क काचेचा आहे. बाहेरच्या जादा टाकीतलं इंधन येतंय की नाही, हे वैमानिकाने डोळ्यांनी बघायचं.

अमेरिकन एकआसनी लढाऊ विमानात स्टिकऐवजी अर्धं स्टिअरिंग दिसलं, तर ते लाइटनिंग. मोटारीसारखा दरवाजा आणि खाली-वर होणारी काच दिसली, तर बहुधा एअराकोब्रा.

डायलवरचा किलोमीटर किंवा मैल मात्र कारखान्याचा नव्हे, गिऱ्हाइकाचा पत्ता देतो. अमेरिकेतल्या कर्टिस कंपनीने फ्रान्ससाठी बनवलेल्या हॉक ७५ विमानांत मेट्रिक डायल होते आणि थ्रॉटलही फ्रेंच पद्धतीने उलटा, म्हणजे मागे ओढला की ताकद वाढणार. १९४०मध्ये फ्रान्स पडल्यावर उरलेली विमानं ब्रिटिशांकडे गेली, त्यांचं नाव मोहॉक झालं आणि थ्रॉटल सरळ करावे लागले. त्यातली काही पुढे भारतातून ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली.

आपल्या ओझरच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेलं मिग-२१ तर एका रेषेवरून पकडता येतं. पॅनलच्या मधोमध उभी पांढरी पट्टी दिसली की विमान बहुधा सोव्हिएत घराण्यातलं. विमान गिरक्या घेत कोसळू लागलं तर स्टिक बरोबर मध्यावर आणायला ती उपयोगी. जोडीला निळसर-हिरवा रंग असेल तर शंका आणखी कमी. २०२५च्या सप्टेंबरमध्ये भारतीय हवाई दलाने मिग-२१ निवृत्त केलं.

खरा कस लागतो तो एकाच विमानाचे प्रकार ओळखताना. मॉस्किटोत दोन आसनं शेजारी-शेजारी, उजवं थोडं मागे. पण वैमानिकापुढे चाक असेल तर ते बॉम्बर किंवा टेहळणीचं, आणि स्टिक असेल तर लढाऊ.