फरकातली बातमी : थॉमस कैलाथ यांच्या कामाचा मागोवा

गोदावरीला पूर आला की विष्णुपुरीच्या धरणावर दोन आकडे महत्त्वाचे ठरतात. वरून सुटलेल्या पाण्यावरून बांधलेला पातळीचा अंदाज आणि पट्टीवर दिसणारी प्रत्यक्ष पातळी. दोन्ही जुळले, तर पट्टीने नवीन काहीच सांगितलं नाही. बातमी असते ती फरकात. नांदेडला कंट्रोल सिस्टिम शिकवताना कैलाथ यांचं काम मी कायम याच धरणावरून सांगत आलो.

थॉमस कैलाथ १९३५ साली पुण्यात, एका मल्याळी घरात जन्मले. पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५६ साली त्यांनी पदवी घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, तेव्हा आमच्याकडे एकही इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं. औरंगाबादचं निघालं १९६० मध्ये, नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंघजी कॉलेज १९८१ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी कैलाथ यांचं ‘लिनिअर सिस्टिम्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं होतं.

१९६१ मध्ये एमआयटीची डॉक्टरेट, १९६३ पासून स्टॅनफर्ड. १९६८ च्या शोधनिबंधात त्यांनी विष्णुपुरीच्या त्या फरकालाच मध्यभागी आणून बसवलं. आलेल्या प्रत्येक मापातून आधीच्या मापांवरून सांगता येण्यासारखं सगळं वजा करायचं. उरतं ते ‘इनोव्हेशन’. कल्पना जुनी होती, पण ती हाताशी धरून त्यांनी वीनर आणि काल्मन यांचं अंदाज बांधण्याचं अवघड गणित इतकं सोपं केलं, की पदवीच्या मुलालाही ते पेलावं. हा फरक सलग एकाच बाजूला पडत राहिला, तर आपलं मॉडेल किंवा पट्टी तपासायची, हेही त्यातूनच कळतं.

पुढे दर दहा-बारा वर्षांनी त्यांनी क्षेत्र बदललं. एवढं नाव झाल्यावर पुन्हा नवशिक्या होणं मला फार मोठं वाटतं. ऐंशीच्या दशकात ते ओळीने मांडलेल्या अँटेनांकडे वळले : लाट कोणत्या दिशेने आली, हे कसं ओळखायचं? वर्गात लातूरकडची मुलं असली की इथे किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघतोच. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट त्यांनी घरी ऐकलेली असते. मग मी कर्नाटकातल्या गौरीबिदनूरच्या केंद्राचं उदाहरण देतो. तिथे भूकंपमापक अंतराअंतराने मांडलेले आहेत. लाट प्रत्येकाकडे किंचित वेगळ्या क्षणी पोचते आणि त्या मागेपुढे होण्यातच दिशा दडलेली असते. आरोग्यस्वामी पॉलराज यांच्यासोबतच्या १९९४ च्या पेटंटमध्ये हेच अनेक अँटेनांचं सामर्थ्य संदेशवहनाकडे वळलं. आज वाय-फाय आणि मोबाईल त्यावर चालतात. नव्वदच्या दशकात ते चिप बनवण्याच्या प्रकाशछपाईत उतरले.

२००७ मध्ये आयईईईचं मेडल ऑफ ऑनर, २००९ मध्ये पद्मभूषण, २०१४ मध्ये ओबामांच्या हस्ते अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक. त्यांच्या हाताखाली घडलेले संशोधक शंभरावर आहेत.

माझी ‘लिनिअर सिस्टिम्स’ची प्रत दोनदा उसवली. दोन्ही वेळा नांदेडच्या वजिराबादेतून बाइंडिंग करून आणली. दोन्ही वेळा सुटली होती ती स्टेट-स्पेसच्या प्रकरणाची पानं.