आंकड्याचा बळी

दिलेलें वचन पाळावें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु अविचारानें दिलेलें वचन पुरें करण्याच्या हट्टापायीं एका संबंध प्रांताची कशी धूळधाण झाली, याचें उदाहरण रशियाच्या अर्वाचीन इतिहासांत सांपडतें. तें आम्हीं आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मॉस्कोच्या आग्नेयीस, ओका नदीच्या कांठीं, रियाझान हें प्राचीन शहर व त्याच नांवाचा प्रांत आहे. अलेक्सी निकोलायेविच लारिओनोव्ह (जन्म १९०७) हे १९४८ पासून त्या प्रांताच्या कम्युनिस्ट पक्षाचे पहिले चिटणीस होते. सोव्हिएट राज्यांत हें पद नांवानें चिटणिसाचें, पण अधिकारानें सुभेदाराचें असे. मात्र या सुभेदाराचें आसन रयतेच्या मतावर नव्हे, तर मॉस्कोच्या मर्जीवर अवलंबून असे. आणि ती मर्जी संपादण्याचें मुख्य साधन म्हणजे कागदावरील आंकडा.

१९५७ सालीं क्रुश्चेव्ह यांनीं घोषणा केली कीं, दरडोई मांस, दूध व लोणी यांच्या उत्पादनांत आपण लवकरच अमेरिकेस गांठूं. लारिओनोव्ह यांनीं १९५९ च्या आरंभीं वचन दिलें कीं, रियाझान एका वर्षांत सरकारास पूर्वीच्या तिप्पट, म्हणजे १,५०,००० टन मांस देईल. क्रुश्चेव्ह स्वतः रियाझानास गेले आणि वर्ष सरण्यापूर्वींच प्रांतास लेनिनपदक देण्यांत आलें.

पण वासराची गाय एका वर्षांत कशी व्हावी? मग दुभत्या गाई व वळू कापण्यांत आले. शेतकरी कुटुंबांनीं घरीं पोसलेलीं जनावरें नुसत्या पावतीवर नेण्यांत आलीं. यंत्रें, शाळा व रस्ते यांच्यासाठीं ठेवलेला पैसा शेजारच्या प्रांतांतून गुरें आणण्यांत खर्चीं पडला. डिसेंबरांत वचन पुरें झाल्याची द्वाही फिरली. लारिओनोव्ह यांस ‘समाजवादी श्रमवीर’ ही पदवी मिळाली. आणि पुढील वर्षासाठीं त्यांनीं १,८०,००० टनांचें नवें वचन दिलें!

१९६० सालीं प्रत्यक्षांत सुमारें ३०,००० टनच मांस देतां आलें. गुरांची संख्या १९५८ च्या मानानें सुमारें ६५ टक्क्यांनीं घटली होती. धान्याचें उत्पन्नही निम्म्यावर आलें. सप्टेंबरांत लारिओनोव्ह यांस पदावरून दूर करण्यांत आलें, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस त्यांचा अंत झाला. त्यांनीं आत्महत्या केली, असें सामान्यतः मानलें जातें.

दोष त्यांचा खराच. परंतु तो त्यांचा एकट्याचा होता, असें आम्हांस वाटत नाहीं. आंकडा ऐकून पदक देणाऱ्यांनीं मांस कोठून आलें, हें विचारलें नाहीं. आणि ज्यांच्या गोठ्यांतील गाय गेली, त्यांस विचारण्याची सोयच नव्हती. जेथें खालचा मनुष्य निर्भयपणें ‘हें होणार नाहीं’ असें सांगूं शकत नाहीं, तेथें वरच्यास सत्य कधींही कळत नाहीं. सत्ता लहान असो वा मोठी, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.