घरची ज्वारी, घरचा हरभरा : भाकरी-पिठल्यामागचे शास्त्र



दिवसभर शेतात राबून आल्यावर ताटात गरम भाकरी, वाफाळते पिठले, बुक्कीने फोडलेला कांदा आणि ठेचा आला की आणखी काही लागत नाही. अवेळी पाहुणा आला, घरात भाजी नसली, तरी चूल पेटवून अर्ध्या तासात हे जेवण तयार होते. यास लागणाऱ्या जिनसांपैकी मीठ आणि तेल सोडले तर बाकी सर्व आपल्याच शेतात पिकते. असे असूनही अनेक घरांत ज्वारी खळ्यावरूनच बाजारात जाते आणि वर्षभर पीठ पिशवीतून विकत येते. मग भाकरी थापताना चिरते, फुगत नाही, पूर्वीची चव राहिली नाही, अशा तक्रारी ऐकू येतात. दोष मात्र करणाऱ्या हाताला दिला जातो. हा विषय गृहविज्ञानाचा, कृषिविद्येच्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु भाकरीची निम्मी गुणवत्ता परातीत येण्यापूर्वी शेतात, कणगीत आणि गिरणीतच ठरून गेलेली असते.

प्रथम दाण्याचा विचार करू. रब्बी ज्वारी जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या थंडीत पक्व होते. त्यामुळे दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकदार आणि स्वच्छ राहतो. खरीप ज्वारीचे तसे नाही. 1964 मध्ये सीएसएच-1 हा संकरित वाण आला आणि खरिपाचे उत्पादन वाढले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु दाणा भरताना पाऊस लागला की त्यावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि भाकरी कडवट लागते. म्हणून खाण्यासाठी रब्बीचा दाणा राखून ठेवणे हे जुन्या माणसांचे धोरण शास्त्राला धरूनच होते. मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम 35-1 हा वाण आजही भाकरीच्या चवीसाठी मापदंड मानला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही या दाण्याच्या लौकिकामुळेच. नव्या वाणांपैकी हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी कोरडवाहू जमिनीसाठी फुले वसुधा आणि भारी बागायतीसाठी फुले रेवती यांची शिफारस आहे. खरिपातच ज्वारी घ्यावयाची असल्यास 2018 मध्ये प्रसारित झालेल्या परभणी शक्ती या वाणाच्या दाण्यात लोह आणि जस्त अधिक असते, हे ध्यानात ठेवावे.

आता पिठाकडे वळू. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. पोळी लाटता येते ती त्यामुळे. ज्वारीत हे चिवट प्रथिन नाही. तिचे पीठ धरून ठेवते ते पिष्ट, म्हणजे स्टार्च. हे पिष्ट सुमारे 70 अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगते व चिकट होते. म्हणून भाकरीच्या पिठात गरम पाणी घालावयाचे असते. पीठ ताजे असेल तर कोमट पाण्यातही काम भागते. जुन्या पिठाची मात्र विरी गेलेली असते. त्यास उकळते पाणीच हवे. अशा वेळी थोड्या पिठाची उकड काढून ती उरलेल्या पिठात मिसळून मळावी, भाकरी चिरत नाही.

विरी जाते तशी चवही जाते. ज्वारीच्या दाण्यात सुमारे दोन ते तीन टक्के स्निग्धांश असतो व तो बहुतांशी कोंबात असतो. दाणा अखंड असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. दळल्यावर हवा लागून तो खवट होऊ लागतो, उन्हाळ्यात अधिकच लवकर. यास्तव आठ-दहा दिवस पुरेल एवढेच दळण आणावे. गिरणीतून आलेले गरम पीठ तसेच डब्यात कोंडू नये. आत वाफ धरते, गाठी होतात आणि पिठाला वास येतो. कापडावर पसरून निवाले की भरावे. महिन्याचे दळण एकदम आणल्याने गिरणीची एखादी खेप वाचते, परंतु शेवटच्या पंधरा दिवसांच्या भाकरीची चव जाते. हा सौदा फायद्याचा नाही, असे माझे मत आहे.

एका भाकरीपुरतेच पीठ घेऊन तळहाताच्या टाचेने रगडून मळावे. मळण्यात आळस झाला की कडा चिरल्याच. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवावा. या पाण्याने वरचे कोरडे पीठ ओले होऊन शिजते आणि त्याचा पातळ पापुद्रा धरतो. पाणी पूर्ण वाळण्याच्या थोडे आधी उलटावी. उशीर झाला तर पृष्ठभागाला भेगा पडतात, त्यातून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजून झाली की पाणी लावलेली बाजू आराकडे करावी. आत कोंडलेल्या वाफेने ती टम्म फुगते.

पिठल्याचे काम त्या मानाने सोपे. एक वाटी बेसन असेल तर तीन वाट्या पाणी घ्यावे. झुणक्यास पाणी याहून बरेच कमी. बेसन थोड्या गार पाण्यात आधी कालवून घ्यावे. उकळत्या पाण्यात कोरडे पीठ पडले की प्रत्येक गोळ्याचे बाहेरचे पिष्ट तत्काळ शिजून त्यावर आवरण चढते व आतले पीठ कोरडेच राहते. गुठळी म्हणतात ती हीच. मोहरी, जिरे, ठेचलेला भरपूर लसूण, हिरवी मिरची, कांदा आणि हळदीची फोडणी करून उरलेले पाणी उकळावे, मग कालवलेले बेसन ढवळत ओतावे. यानंतर झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे शिजवणे आवश्यक आहे. कच्च्या हरभऱ्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे घटक असतात. ते शिजवल्याने बरेचसे निष्प्रभ होतात. पिठले पोटाला जड पडते अशी तक्रार असेल तर ते घाईने उतरवले जाते का, हे आधी पाहावे. बेसन घरच्या डाळीचेच असावे, कारण विकतच्या बेसनात स्वस्त वाटाण्याचे पीठ मिसळलेले असू शकते.

हे जेवण पोटभरीचे तर आहेच, पण ते पुरते का? ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने असतात, परंतु त्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडते. हरभऱ्याच्या डाळीत प्रथिने वीस टक्क्यांच्या वर असून लायसीन भरपूर असते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. लोहाचे शोषण वाढण्यासाठी मात्र सोबत क जीवनसत्त्व हवे. त्यासाठी ताटात लिंबाची फोड, कच्ची मिरची किंवा कोथिंबीर असावी आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. घरातील स्त्रिया व वाढत्या वयाच्या मुली यांच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण रक्तक्षय त्यांच्यात अधिक आढळतो.

आता हिशेब करू. एक किलो पिठाच्या साधारण दहा भाकरी होतात. पाच माणसांच्या घरात रोज पंधरा भाकरी लागतात असे धरले तर दिवसाला दीड किलो, म्हणजे वर्षाला साडेपाच क्विंटल ज्वारी लागते. निम्मे जेवण पोळी-भाताचे असेल तर पावणेतीन क्विंटल पुरे. आठवड्यातून दोनदा पिठले केले तरी वर्षाला पंधरा-सोळा किलो बेसन, म्हणजे सुमारे वीस-बावीस किलो हरभरा लागतो. विजय किंवा दिग्विजयसारख्या वाणाचे दोन गुंठे त्यास पुरेसे होतात. कर्ज, लग्नकार्य, शाळेची फी यांसाठी माल विकावा लागतो, हे खरे आहे. परंतु काढणीच्या वेळी बाजारात आवक वाढून भाव उतरलेला असतो आणि पुढे विकत घेताना चढा भाव द्यावा लागतो. घरखर्चाची पोती आधी बाजूला काढून मग उरलेला माल तोलावा.

ठेवावयाचे धान्य कडक उन्हात वाळवावे. दाणा दाताखाली कट्‌ असा फुटला पाहिजे. ओलावा दहा ते बारा टक्क्यांच्या वर नसावा. ऊन दिलेले धान्य निववून, स्वच्छ व कोरड्या कोठीत भरावे. सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. कोठी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यातून निघणारा वायू प्राणघातक असून बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव त्याने जाऊ शकतो. धान्याला कीड लागलीच तर ते पुन्हा उन्हात घालावे, चाळावे आणि आधी दळून संपवावे.